शंकरपटाच्या गेमची नक्कल झाली आहे. आमचं नेमकं काय चोरीला गेलं?

काळीमाती
११ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे तूर-कपाशीच्या धाग्यांवर असतो. आज घरातली गोष्ट घेऊन आलो आहे. कायद्याचं किंवा गेम बनवण्याचं ज्यांना कळतं त्यांनी कृपा करून सविस्तर लिहावं.

माझा भाचा दारव्हा तालुक्यात, आमच्या गावीच राहतो. यवतमाळला डिप्लोमा केला, सात महिने पुण्यात नोकरी केली, आणि आबाजींना, म्हणजे त्याच्या आजोबांना, लकवा मारल्यावर परत आला. शेती बघत बघत त्याने दीड वर्षात एक मोबाईल गेम बनवला. विषय शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत.

डावा अंगठा डाव्या बैलाचा, उजवा अंगठा उजव्याचा. दोघांची चाल जुळली की जोडी सरळ निघते. एकाच बैलाला रेटलं तर छकडा पटाबाहेर जातो. काठी नाही, बैलाला टोचायची तुतारी नाही, शेपटी पिरगाळणं नाही. ही अट आबाजींची होती. जोडी सुटण्याआधी एक झडती, म्हणजे पोळ्यात म्हणतात तशा कवितेच्या ओळी, ऐकू येते, ती आबाजींनी स्वतः रचलेली, त्यांच्याच आवाजातली. मग डफडं. ते गावच्याच एका काकाजींनी वाजवलं. शाळेच्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगून मोबाईलवर रेकॉर्ड केलं.

पोळ्याच्या दिवशी गेम प्ले स्टोअरवर टाकला. दिवाळीपर्यंत नऊ हजारांच्या वर लोकांनी घेतला. कधी न पाहिलेली माणसं त्याला मेसेज करायची की आमच्या जोडीचा रंग पण टाका, आमच्या गावचा पट पण टाका.

डिसेंबरात दुसरा गेम आला. नाव वेगळं, बनवणारा परराज्यातला. तेच दोन अंगठे, तेच दोन बैल, तोच पट. प्रत्येक धाव संपली की जाहिरात. आज तो आमच्या कितीतरी पुढे आहे, आणि लोक भाच्यालाच विचारतात की तू त्याचं पाहून केलं का.

पंधरा दिवस झाले, पोराने लॅपटॉप उघडला नाही. मला म्हणाला, "मामा, माहा बैल दुसऱ्याच्या दावणीले बांधलेला दिसून राहिला, अन् मले सोडवून आणता येत नाही."

शंकरपटावर कोणाचा हक्क नाही हे मलाही कळतं. मग कॉपीराईट असतो तो कशावर? आणि आमचं गेलं ते काय?


पळसफूल
११ जानेवारी, रात्री १०:२५

दादा, वाचून फार वाईट वाटलं. पण "तेच आहे" एवढ्यावर थांबू नका. दोन्ही फोन शेजारी ठेवा आणि जे जे सारखं आहे ते वहीत उतरवा.

मी चिखलीला डीटीपीचं काम करते. माझ्या लग्नपत्रिकेची डिझाईन एका दुकानाने उचलली होती. सारखी आहे, सारखी आहे म्हणून मी तासभर भांडले, कोणी ऐकलं नाही. पत्रिकेवर मोर तर सगळेच काढतात. मग लक्षात आलं की माझ्या मोराच्या एका पिसात डोळा काढायचा राहून गेला होता, आणि त्यांच्याही मोराच्या त्याच पिसात डोळा नव्हता. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. तुमच्या गेममध्येही असं काहीतरी असेलच. शोधा.


वणीचा_गडी
१२ जानेवारी, सकाळी ७:१०

काळीमाती भौ, राग नका मानू, पण म्या दुसरी बाजू मांडतो.

शंकरपट आपल्या आज्या-पणज्यापासून चालत आला. २०१४ मधी सुप्रीम कोर्टानं बंद केला, डिसेंबर २०२१ मधी परवानगी भेटली, मे २०२३ मधी घटनापीठानं कायदा कायम केला. मधातल्या वर्साईत लहान असलेल्या पोट्ट्याईनं पट पाह्यलाच नाही. आता चार जणाईनं चार गेम काहाडले तर पटाचं नाव होईल ना? उद्या एकानं म्हणलं का पटाचा गेम फक्त माहा, तर बाकीच्याईनं काय करावं?

पचिसी आपली. इंग्रजाईनं तिचा लुडो केला. आता मोबाईलात किती लुडो आहेत ते मोजता येत नाही. कोणी कोणाले अडवलं? पबजी बंद झाला तवा आमच्याकडचे सारे पोट्टे फ्री फायरवर गेले. तेच छत्रीनं उतरणं, तेच बंदूक हुडकणं, शेवटी एक उरते तेच. मंग तो बी बंद झाला. म्हंजे नकलेपायी बंद केला का? म्या खरंच इचारतो, मले माहीत नाही.


काळाकोट
१२ जानेवारी, दुपारी १:४०

वणीकर, तुमचा मुद्दा कायद्याला धरून आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो. आधी एक गैरसमज काढू. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलसह ११८ ॲप्स बंद झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरसह ५४. दोन्ही वेळा कारण देशाची सुरक्षितता आणि लोकांची माहिती हे होतं. नकलेशी त्याचा संबंध नव्हता. नकलेचं भांडण त्यांच्यात वेगळं झालं. पबजीवाल्यांनी २०१८ मध्ये नेटईझ या चिनी कंपनीवर अमेरिकेत दावा लावला, तो पुढच्या वर्षी आपसात मिटला. जानेवारी २०२२ मध्ये पबजीच्याच क्राफ्टन कंपनीने फ्री फायरच्या गरेनावर कॅलिफोर्नियात दावा केला आणि सोबत ॲपल व गूगललाही प्रतिवादी केलं.

आता आपल्या देशातला दाखला. कोलकात्याच्या दोन भावांनी, अगरवाला बंधूंनी, स्क्रॅबलसारखा शब्दांचा खेळ इंटरनेटवर आणला. नाव स्क्रॅब्युलस. फेसबुकवर तो तुफान चालला. स्क्रॅबलचे हक्क असलेल्या मॅटेल कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर २००८ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. खेळाचे नियम आणि नियमांतूनच ठरणारी पटाची रचना यांवर कॉपीराईट मागता येणार नाही असं म्हटलं. स्क्रॅबलशी मिळतंजुळतं नाव मात्र वापरायचं नाही, तो ट्रेडमार्कचा भंग. भावांनी खेळाचं नाव लेक्सुलस केलं आणि खेळ चालू राहिला.

म्हणजे खेळ कसा खेळायचा यावर हक्क नाही. पेटंटचं दारही बंद आहे, कारण पेटंट कायद्याच्या कलम ३ (एम) मध्ये खेळ खेळण्याची पद्धत हा शोध मानलेला नाही. काळीमाती दादा, दोन अंगठ्यांची कल्पना फार सुंदर आहे, पण ती तुमच्या हातून गेली असं समजा. ती भाच्याची असली तरी कायद्याने ती त्याच्यापुरती राहत नाही.

हक्क राहतो तो कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपावर. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात गेम अशी वेगळी जात नाही. त्याचे तुकडे करून बघावं लागतं. कोड हा साहित्यकृतीत येतो. चित्रं कलाकृतीत. रेकॉर्ड केलेला आवाज वेगळा. आणि आबाजींनी रचलेली झडती ही कवितेसारखी साहित्यकृती आहे. तुमचा प्रश्न "आमचं काय गेलं" हा होता ना? हे चार तुकडे समोर ठेवा आणि एकेक तपासा.


पिक्सेल_आर्वी
१२ जानेवारी, रात्री ११:०५

मूळचा आर्वीचा, आठ वर्षं पुण्यात मोबाईल गेमची चित्रं काढतो. वकील साहेबांचं बरोबर आहे, पण आमच्या धंद्यात कल्पना आणि तिचं रूप यांच्यातली ही रेघ दर वेळी वेगळ्या जागी पडलेली पाहिली आहे. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

१९८१-८२ चे अमेरिकेतले दोन निकाल बघा. अटारीचा ॲस्टेरॉइड्स म्हणून खेळ होता, अवकाशातले दगड फोडायचा. दुसऱ्याने मीटिअर्स काढला. न्यायालयाने बावीस सारखेपणा मोजले आणि तरीही अटारी हरली, कारण दगड फोडायचे म्हटलं की तसंच दिसणार. वर्षभरातच पॅकमॅनच्या बाबतीत उलट झालं. के. सी. मंचकिन नावाच्या खेळात भूलभुलैया वेगळा होता, पण ते गिळणारं तोंड आणि ती भुतं इतकी जवळची होती की तो खेळ थांबवावा लागला. भूलभुलैया कोणीही करावा, तोंड दुसऱ्याचं घेऊ नये.

मारामारीच्या खेळांत तर मूळवाले हरलेच. कॅपकॉमने स्ट्रीट फायटर टूची नक्कल म्हणून फायटर्स हिस्टरीविरुद्ध मनाईहुकूम मागितला, १९९४ मध्ये तो नाकारला गेला. लाथ, बुक्की, झेप ही कोणाची मालमत्ता नाही. शंकरपटात बैल पळणार, छकडा असणार, माणसं दोन्ही बाजूंना उभी असणार. हे सगळं त्याच खात्यात जातं.

माझ्या मते मोठं वळण २०१२ चं. मिनो नावाचा आयफोनवरचा खेळ. बनवणाऱ्यांनी कबूलच केलं की आम्ही टेट्रिस पाहून केला, पण आधी कायद्याची चौकशी करून फक्त नियम घेतले. न्यू जर्सीच्या न्यायालयाने ते मानलं नाही. वरून तुकडे पडावेत, ओळ भरली की जावी, हा नियम मोकळा. पण दहा बाय वीसचाच चौक, त्याच आकाराचे तुकडे, तेच झळाळते रंग, खाली पडणारी तुकड्याची सावलीसुद्धा तीच? हे सगळं दुसऱ्या रीतीनेही करता आलं असतं. त्यामुळे टेट्रिसवाले जिंकले.

त्याच वर्षी ट्रिपल टाऊनचं झालं. तीन गवतं जोडली की झुडूप, तीन झुडपांचं झाड, अशी चढती रांग, आणि आडवं येणारं अस्वल. यती टाऊन नावाच्या नकलेत अस्वलाच्या जागी यती आला. प्रतिवादीने दावाच फेटाळा म्हटलं, सिॲटलच्या न्यायालयाने फेटाळला नाही. पुढे तडजोड झाली आणि यती टाऊनची मालकीच मूळवाल्यांना मिळाली.

एक उदाहरण मात्र मला अजून टोचतं. थ्रीज हा आकड्यांचा छोटासा खेळ दोघांनी चौदा महिने घासून फेब्रुवारी २०१४ मध्ये आणला. महिनाभराने २०४८ आला. एका मुलाने तो शनिवार-रविवारात लिहिला होता, फुकट दिला होता, आणि तोही थ्रीजच्या दुसऱ्या एका नकलेवरून. आज रस्त्यावर विचारा, लोकांना २०४८ माहीत आहे. तिथे कायद्याने करण्यासारखं काही नव्हतं. तुमच्या भाच्याला हे वाचून अजून वाईट वाटेल, पण त्याने हे माहीत करून घ्यावं असं मला वाटतं. चांगली कल्पना अशी जाते, आणि जाताना आपण काही चुकलेलो नसतो.

कामाचं सांगतो. दोन्ही गेमच्या एपीके फायली, म्हणजे ज्यातून ॲप फोनवर बसतं त्या, झिपसारख्या उघडतात. आतली चित्रं आणि आवाज बाहेर काढून शेजारी ठेवा. डोळ्यांना जे वाटतं आणि फाईलमध्ये जे असतं त्यात बराच फरक निघतो.


काळीमाती
१५ जानेवारी, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. संक्रांतीच्या रात्री दोघं बसलो. भाचा आधी नाही म्हणत होता, पळसफूल ताईंच्या मोराची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा उठला. जे निघालं ते जसंच्या तसं लिहितो, आमच्या विरुद्ध जाणारं धरून.

बैल आमचा नाही. आमच्या जोडीतल्या उजव्या बैलाचं एक शिंग टोकाला मोडकं आहे, घरच्या बैलाचं तसं होतं म्हणून. त्यांच्या बैलांची शिंगं धड आहेत, वशिंड वेगळं, झूलसुद्धा वेगळी. चित्र त्यांनी नव्याने काढलं आहे. पटाकडेचा पळस मात्र हुबेहूब निघाला, आणि मी खूश झालो तेवढ्यात भाचा म्हणाला, मामा, ते झाड मी तयार चित्रांच्या बाजारातून विकत घेतलं होतं, त्यांनीही घेतलं असेल. ते खोडलं.

बक्षिसांची रांग आणि खुराकाचे भाव जुळतात. ढेप ४० नाणी, गूळ ६५, कडबा १५. सगळे आकडे तेच. हे किती कामाचं ते माहीत नाही.

मग आवाज उघडले. त्यांचं डफडं ४८ सेकंदांचं, आमचंही ४८. शाळेच्या खोलीत रेकॉर्ड करताना बाहेर कुत्रं भुंकलं होतं, अकराव्या सेकंदाला, दोनदा. काकाजींचा हात त्या वेळी इतका सुंदर चालला होता की ते तसंच ठेवलं. त्यांच्या गेममध्ये अकराव्या सेकंदाला कुत्रं दोनदा भुंकतं.

त्यानंतर झडतीची फाईल लावली. आबाजींचाच आवाज.

पऱ्हाटीले आलं बोंड, बोंडात निघाली अळी,
बळीराजाच्या घामावर कोणाची फुलली कळी
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव

शेवटी धाप लागून घेतलेला श्वाससुद्धा तसाच. दिवाळीनंतर आबाजींना दुसरा झटका आला. आता त्यांचं बोलणं घरच्यांनाही अर्धं कळतं. आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो. भाचा म्हणाला, "बैल तर आपल्याच गोठ्यात होता मामा. आबाजीले नेलं त्याईनं."


वणीचा_गडी
१६ जानेवारी, सकाळी ६:४५

भौ, माहा आधीचा मुद्दा पटापुरता होता अन् तो तसाच आहे. पण एखाद्याच्या बुढ्याचा आवाज उचलून त्याच्यावर जाहिरात लावणं, हे म्या नाही मानत. पोळ्यातली जुनी झडती साऱ्याईची. ही झडती त्याईच्या डोक्यातून निंगाली, तोंडातून निंगाली. हे सोडू नका.


सातपुडा_शिक्षिका
१६ जानेवारी, दुपारी ४:२०

धारणीजवळ शिकवते. धागा पहिल्यापासून वाचतेय. मनापासून एक प्रश्न विचारते. डफडं वाजवणाऱ्या काकाजींना काय मिळालं? त्यांची परवानगी कागदावर आहे का? आमच्या भागात ढोल-बासरीचे व्हिडिओ बाहेरचे लोक काढून नेतात, वाजवणाऱ्याचं नावही कुठे नसतं. आपण आपल्या हक्कासाठी उभे राहतो तेव्हा ज्यांच्या हातातून तो आवाज आला त्यांचाही हिशोब त्याच वहीत असावा.


काळीमाती
१६ जानेवारी, रात्री ९:१५

ताई, खरं सांगतो. त्या रात्री पाचशे रुपये आणि जेवण दिलं. कागद नाही. गेममध्ये त्यांचं नाव आहे, पण आतल्या पानावर. तुमचं म्हणणं लागलं, आणि लागायलाच हवं होतं. उद्याच त्यांच्याकडे जातो.


झाडीतला
१६ जानेवारी, रात्री ११:५०

मी कधी लिहित नाही, आज लिहितो कारण मी दुसऱ्या बाजूला होतो.

साकोलीकडचा आहे. तीन वर्षांपूर्वी फुगे फोडायचा गेम केला होता. यूट्यूब पाहून शिकलो. चित्रं माझी होती, पण आवाज एका परदेशी गेममधून काढून लावले. मला खरंच वाटायचं की आवाज इंटरनेटवर आहे म्हणजे वापरायला मोकळा आहे. एके दिवशी मेल आला आणि गेम काढलेला होता. त्या महिन्यात पहिल्यांदाच दोन हजारांच्या वर पैसे जमणार होते. मी फार चिडलो, मोठ्या लोकांनी गरिबाला चिरडलं असं सगळ्यांना सांगत फिरलो.

नंतर त्या लोकांची माहिती वाचली. ते दोघंच होते, नवरा-बायको. ते टपकन फुटण्याचे आवाज त्यांनी तोंडाने काढले होते.

मी आवाज बदलून, माफी लिहून परत टाकला. भाच्याला सांगा, समोरचा नेहमी मोठी कंपनी असतोच असं नाही. आधी एक सरळ पत्र लिहून बघायला हरकत नाही. मला कोणी आधी पत्र लिहिलं असतं तर मी त्याच दिवशी काढलं असतं.


काळाकोट
१७ जानेवारी, दुपारी २:१०

आता तुमच्याकडे धरण्यासारखं काही आहे. चार प्रश्न आधी विचारतो, कारण समोरचा वकील हेच विचारेल.

पहिला, भाचा पुण्यात नोकरीला असताना हे काम सुरू केलं होतं का? नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसेल तर, कलम १७ प्रमाणे मालकाकडे जाते. परत आल्यावर सुरू केलं असेल तर तसं दाखवणाऱ्या तारखा जमवा. दुसरा, झडतीचे लेखक आबाजी आहेत, भाचा नव्हे. हक्क देणं लेखी आणि सहीनेच होतं, कलम १९. त्यांना सही जमत नसेल तर अंगठा, दोन साक्षीदार, आणि त्यांना सगळं वाचून दाखवून. त्यांची मान्यता असेल तरच. तिसरा, डफडं. वाजवणाऱ्या कलावंताला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो, कलम ३८. शिक्षिका ताईंनी विचारलं ते नीतीचं आहेच, कायद्याचंही आहे. चौथा, मूळ रेकॉर्डिंग कुठे आहे? ज्या मोबाईलवर केलं त्यातली फाईल हलवू नका, नाव बदलू नका, व्हॉट्सॲपने पाठवू नका. कुत्र्याची भुंक तिथे सगळ्यात मोलाची आहे.

नोंदणी सक्तीची नाही. हक्क कृती निर्माण झाली तेव्हाच तयार झाला. तरी नोंद केलेली बरी, कारण न्यायालयात ती प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. अर्ज ऑनलाइन होतो, साहित्यकृतीला पाचशे रुपये, आणि हरकतीसाठी तीस दिवस थांबावं लागतं. झडतीची आधी करा.

झाडीतल्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे सरळ पत्र लिहा, सात दिवस द्या. उत्तर नाही आलं तर स्टोअरच्या कॉपीराईट तक्रारीचा फॉर्म भरा. फक्त दोन आवाजांच्या फायली लिहा. बैल, पळस, दोन अंगठे यातलं काहीही त्यात घालू नका. जे आपलं नाही त्यावर दावा केला तर समोरच्याला उलट तुमच्यावर जाता येतं, आपल्या कायद्यात कलम ६० त्यासाठीच आहे. खुराकाचे आकडे पत्रात उल्लेख म्हणून असू द्या. एकट्याने ते उभे राहणार नाहीत, पण समोर आमचाच गेम ठेवून काम केलं हे त्यातून दिसतं.

दाव्याची वेळ आलीच तर दुसऱ्या राज्यात हेलपाटे मारायची गरज नाही. कलम ६२ प्रमाणे हक्कदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे यवतमाळला. बहुतेकांना हे माहीत नसतं आणि अंतराला घाबरून लोक सोडून देतात. पण मला वाटतं तिथवर जावं लागणार नाही.


पिक्सेल_आर्वी
१७ जानेवारी, रात्री १०:००

+१. कोडच्या जुन्या प्रती, रफ चित्रांच्या वहीचे फोटो, सगळं तारखेनिशी एका ड्राइव्हवर टाका. आणि भाच्याला सांगा की मोडक्या शिंगाचा बैल गेमच्या आयकॉनवर आण. सध्या तिथे नुसता छकडा आहे, तो दोघांचाही सारखा दिसतो, म्हणूनच लोक गोंधळतात. मोडकं शिंग त्यांच्याकडे नाही.


काळीमाती
९ फेब्रुवारी, रात्री ९:४०

उशीर झाला, तुरीची सवंगणी चालू होती. झालं ते सांगतो.

काम पुण्याहून परतल्यावरच सुरू केलं होतं, लॅपटॉपवरच्या तारखा तसंच सांगतात. काकाजींकडे गेलो. करार केला, येणाऱ्या पैशातला दहावा हिस्सा त्यांचा. गेम उघडला की पहिल्याच पानावर आता त्यांचं नाव येतं. त्यांनी ते नातवाकडून तीनदा वाचून घेतलं. आबाजींना कागद वाचून दाखवला. आधी मान हलवली नाही. भाच्याने ती फाईल लावली, मग जाहिरात लागली ती पण दाखवली. त्यांनी डावा हात पुढे केला.

पत्राला उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी फॉर्म भरला, वकील साहेबांनी सांगितलं तेवढंच लिहिलं. चार दिवसांनी तो गेम स्टोअरवर दिसेनासा झाला. नऊ दिवसांनी परत आला. डफड्याच्या जागी कुठला तरी तयार ढोल आहे, झडती नाही. दोन अंगठे, दोन बैल तसेच आहेत. ढेपही ४० नाण्यांचीच. भाच्याने तो उतरवून घेतला, एकदा खेळला आणि म्हणाला, "आता पळू द्या मामा. पट मोठा आहे."

डाउनलोडमध्ये ते अजूनही पुढेच आहेत. पण पोराने लॅपटॉप उघडला आहे. आयकॉनवर मोडक्या शिंगाचा बैल आला. गावोगावच्या झडत्या गोळा करून दर पटाला वेगळी लावायची असं त्याच्या मनात आहे.


वणीचा_गडी
१० फेब्रुवारी, सकाळी ७:३०

भौ, मन शांत झालं वाचून. माह्या बाबाले वीस-पंचवीस झडत्या तोंडपाठ आहेत, त्यातल्या पाच-सहा त्याईच्या सोताच्या. आज रात्री मोबाईलवर बोलून घेतो अन् पाठवतो.


काळीमाती
१० फेब्रुवारी, सकाळी ८:०५

भौ, जरूर. पण आज पाठवू नका. जुन्या कोणत्या आणि बाबांच्या स्वतःच्या कोणत्या ते आधी त्यांना विचारून वेगळं लिहून ठेवा. त्यांच्या झडत्यांसाठी मी कागद तयार करून देतो. त्यावर त्यांची सही झाली, की मग मी आणि भाचा गोधड्या घेऊन वणीलाच येतो.